एडिटरचं सामान आणि माझी खुर्ची

मला खुर्चीवरून उठवलेलं खपत नाही. पाहुण्यांसाठी उठेन, बसमध्ये म्हाताऱ्या माणसासाठी उठेन, पण मी काम करत असताना मागून कोणी "जरा उठा" म्हटलं की माझं डोकं फिरतं. हा स्वभाव मी नागपूरहून निघतानाच बरोबर घेऊन आले होते. बंगळुरात त्याला फक्त काम मिळालं.

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं होती. बसवनगुडीत एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची सॉफ्टवेअरची छोटी कंपनी होती. खाली दातांचा दवाखाना होता, त्यामुळे रोज कोणी ना कोणी गाल धरून आमच्याकडे वर यायचं आणि कॉम्प्युटर बघून घाबरून खाली जायचं. मी प्रोबेशनवर होते. दसऱ्यानंतर ती मुदत संपणार होती आणि मला कायम करायचं की नाही, ते अण्णांच्या सहीवर होतं.

अण्णा म्हणजे आमचे सिस्टिमचे प्रमुख. सगळं ऑफिस त्यांना अण्णाच म्हणायचं. पन्नाशीला आलेले, कपाळावर गंध, बाही कायम कोपरापर्यंत दुमडलेली. त्यांचं घराणं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे येऊन स्थायिक झालेलं मराठी घराणं. घरात मराठी बोलत, पण त्यांचं वाक्य मराठीत सुरू होऊन कधी कानडीत उतरेल त्याचा नेम नसायचा. वयाने मोठे असूनही ते ऑफिसातल्या प्रत्येक बाईला अक्का म्हणायचे. मला पहिल्या दिवशी ते फार आवडले होते. परक्या गावात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की आपण त्याला आधीच निम्मे गुण देऊन टाकतो.

आम्ही ज्यात प्रोग्राम लिहायचो तो एडिटर म्हणजे काळा पडदा आणि त्यावर हिरवी अक्षरं. मूळचा एडिटर अगदीच कोरडा होता, पण त्याला लहान लहान पुरवण्या जोडता यायच्या. एक पुरवणी उघडलेल्या कंसाचा जोडीदार दाखवायची, एक ओळी आपोआप आत सरकवायची, एक प्रोग्रामच्या या टोकावरून त्या टोकावर उडी मारू द्यायची. आज त्यांना प्लगिन म्हणतात. अण्णा त्यांना सामान म्हणायचे. ते काही काळ परदेशात काम करून आले होते आणि येताना हे सामान फ्लॉप्यांवर भरून घेऊन आले होते. फ्लॉप्यांचा डबा त्यांच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्याला. इंटरनेट तेव्हा आमच्या ऑफिसात नव्हतंच म्हणा, त्यामुळे सामान हवं तर अण्णांकडेच जायला लागायचं.

जायचं म्हणजे काय, तर आधी त्यांच्या टेबलासमोर उभं राहायचं. "अण्णा, ते कंसांचं सामान द्याल का?" मग अण्णा विचारणार, कशाला हवंय. आपण कारण सांगायचं. कारण पटलं तर "सरी," म्हणजे बरं, "येतो," म्हणणार आणि सवडीने येणार. आले की खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "स्वल्प उठा अक्का." आपण उठायचं, ते बसणार. फ्लॉपी घालणार, फाइल उतरवणार, एडिटरच्या सुरुवातीच्या फाइलीत स्वतःच्या हाताने ओळी लिहिणार, मध्येच थांबून परदेशातल्या थंडीची गोष्ट सांगणार. आपण त्यांच्या मागे हाताची घडी घालून उभं राहायचं. घडी घातली नाही तर हातांचं काय करायचं ते कळायचं नाही. एक सामान घालून झालं की दुसऱ्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सगळं. दोन एकदम मागणं उद्धटपणाचं समजलं जायचं.

लोक ही गोष्ट सहज सोसत होते. काहींना तर ती आवडत होती. अण्णांनी स्वतः सामान घालून दिलं म्हणजे आपण या ऑफिसचे झालो, असं नव्या माणसाला वाटायचं. मला तसं काही वाटलं नाही. मला फक्त माझी खुर्ची परत हवी असायची.

एक सांगते, उभं राहण्याशी माझं वैर नाही. गांधी बाजारातल्या दर्शिनीत आम्ही रोज उभ्यानेच इडली खायचो, एकीची दोघांत वाटलेली बाय-टू कॉफी उभ्यानेच प्यायचो. पण तिथे मालकापासून गिऱ्हाइकापर्यंत सगळेच उभे असतात. एकाने बसायचं आणि ज्याचं काम त्याने मागे नाक मुठीत धरून उभं राहायचं, यात मला काहीतरी फार चुकीचं दिसायचं.

तरी मी गप्पच राहिले असते. प्रोबेशनवरचं माणूस बरंच काही गिळतं. पण माझ्या शेजारच्या टेबलावर मल्लेश्वरमची एक कन्नड सहकारी बसायची. तिचे दिवस भरत आले होते. तिच्या मशीनची डिस्क बदलली, त्यामुळे तिचं सगळं सामान नव्याने घालायला लागणार होतं. अण्णा आले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला, ती उठली. अण्णा बसून टाइप करू लागले आणि ती खिडकीच्या कट्ट्याला कंबर टेकवून उभी राहिली. मध्ये अण्णांना फोन आला. ते उठून गेले आणि बराच वेळ बोलत बसले. तिची खुर्ची तिच्यासमोर रिकामी होती.

"बस ना," मी म्हटलं.

"अण्णा येतील," ती म्हणाली.

ती बसली नाही. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. मी माझी खुर्ची ओढून तिला दिली आणि त्या दिवसापुरती मीच उभी राहिले. अण्णा परत आले, आम्हा दोघींकडे बघून छान हसले आणि पुन्हा टाइप करायला बसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. त्यांना दिसलंच नव्हतं. हेच मला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागले. अण्णा जे हाताने करत ते मी इतक्या वेळा मागे उभं राहून पाहिलं होतं की मला ते पाठ झालं होतं. त्यात अवघड असं काहीच नव्हतं. फाइल ठरलेल्या जागी न्यायची, सुरुवातीच्या फाइलीत दोन ओळी घालायच्या, त्या आधीच असतील तर पुन्हा घालायच्या नाहीत, जुन्या फाइलीची एक प्रत बाजूला ठेवायची, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येतं. हे सगळं मशीनला सांगणारा एक छोटासा प्रोग्राम मी लिहिला. ज्या ज्या सहकाऱ्याकडे जे सामान होतं ते त्याला विचारून त्याच्या मशीनवरून घेतलं आणि माझ्या मशीनवर एका जागी नीट लावून ठेवलं. कोणी त्यात आपल्या सोयीचे फेरफार केले होते, ते काढून मूळ रूप पुन्हा बसवायला सर्वांत जास्त मेहनत पडली. मशीनं एकमेकांना वायरने जोडलेली होतीच. कोणीही आपल्या जागेवरून एक शब्द टाइप करायचा, पुढे सामानाचं नाव लिहायचं, की माझ्याकडून ते उचललं जाऊन त्याच्या एडिटरमध्ये बसायचं. तो शब्द मी ठेवला 'घे'. खूप दिवस "द्याल का" म्हणून झालं होतं.

शेजारणीने पहिल्यांदा वापरून पाहिलं. पडद्यावर भराभर ओळी सरकल्या आणि थांबल्या. तिने एडिटर उघडला, एक कंस टाइप केला, जोडीदार कंस चमकला. खुर्चीत मागे रेलून पोटावर हात ठेवून नुसती बसून राहिली. नंतर इंग्रजीत म्हणाली, "उरलेलं पण सगळं घेऊ?"

"सगळं घे. कोणाला विचारू नकोस."

पुढचे काही दिवस ऑफिसात 'घे'ची लाट आली. ज्यांना 'घे' म्हणजे काय ते माहीत नव्हतं ती कन्नड आणि तमिळ मंडळीही दिवसभर घे घे करत होती. आजवर ज्यांनी संकोचाने कधी काही मागितलं नव्हतं त्यांनी पहिल्यांदा सामान वापरून पाहिलं. अण्णांच्या टेबलासमोर मात्र कोणी उभं दिसेना. ते त्यांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. त्यांनी एकाच्या पडद्यावर असं काही पाहिलं जे त्यांनी स्वतः कधी त्याला घालून दिलं नव्हतं, आणि मला बोलावणं आलं.

"बसा अक्का," ते म्हणाले. मी बसले. तेवढा मान त्यांनी मला नेहमीच दिला, हे सांगायला हवं.

"हे घे काय आहे?"

मी सांगितलं. ते ऐकून घेत होते, मध्ये मान हलवत होते. प्रोग्राम कसा चालतो ते त्यांना एका दमात समजलं. जुनी फाइल बाजूला ठेवली जाते हे ऐकून तर त्यांनी "वा" म्हटलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काढून टाका."

"का?"

"काही बिघडलं तर जबाबदार कोण?"

"मी."

"तुम्ही अजून कायम पण झाला नाहीत."

"म्हणून काय झालं? बिघडलंय का काही?"

"बिघडायचा प्रश्न नाही, अक्का. माणसानं यावं, विचारावं, मी चार गोष्टी सांगाव्या. त्यातनं तो शिकतो. न मागता मिळालं की त्याची किंमत राहत नाही."

"त्याची किंमत राहावी म्हणून आम्ही उभं राहायचं का? तुमच्या मागे उभं राहून मी काय शिकले सांगू? तिकडे थंडी फार असते, एवढंच." मला वाटलं होतं त्यापेक्षा माझा आवाज चढला होता. "त्या दिवशी माझी शेजारीण केवढा वेळ उभी होती, तुम्ही पाहिलंत तरी का?"

अण्णांनी चष्मा पुन्हा लावला. "नवमीच्या आयुधपूजेपर्यंत वेळ देतो. तोवर ते मशीनवरून गेलेलं पाहिजे. नंतर मला तुमच्या कागदावर सही करायची आहे. विचार करा."

"विचार करून झाला आहे," मी म्हटलं आणि बाहेर आले. खोटं कशाला सांगू, मी घाबरले होते.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून घरी फोन केला. बाबांना सगळं सांगितलं. त्यांना एडिटर म्हणजे वर्तमानपत्रातला संपादक एवढंच माहीत होतं, पण गोष्टीचा गाभा त्यांना बरोबर कळला.

"काहून डोकं लावून राहिलीस त्यांच्याशी? काढून टाक म्हणतात तर टाक काढून. इथे अशा नोकऱ्या आहेत का? गाशा गुंडाळून यावं लागेल."

"आले तर आले."

"हट्टी आहेस तू."

"हो, आहे."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. नागपुरात तेव्हा असं काम नव्हतं. हे काम मला जिवापाड आवडत होतं. सकाळी त्या काळ्या पडद्यासमोर बसलं की मला स्वतःबद्दल बरं वाटायचं, आणि तसं वाटायला लावणारी दुसरी गोष्ट तोवर मला सापडली नव्हती. ते गेलं तर मी काय करणार होते, देव जाणे. तरीही 'घे' काढायला माझा हात गेला नाही. मी ते आणखी नीटनेटकं केलं. राग आला की मला आवरासावर सुचते.

नवमी आली. इकडे आयुधपूजेला ऑफिसात जेवढं म्हणून यंत्र असेल त्याची पूजा होते. सकाळी मशीनं पुसली, बंद केली, प्रत्येकावर शेवंतीची माळ चढली. झेरॉक्सच्या मशीनला केळीचे खांब बांधले. दारात कुंकू भरलेला कोहळा फुटला. पूजेचं सगळं अण्णांकडे असायचं. ते सोवळं नेसून आले होते आणि एकेका मशीनपुढे थांबून ओल्या बोटाने हळदकुंकू लावत होते. 'घे' अजून जागेवर आहे हे त्यांना ठाऊक होतं, कारण आदल्या दिवसापर्यंत लोक उघडउघड ते वापरत होते. आता हे माझं मशीन वगळणार, अशी माझी खात्री होती. ते माझ्या टेबलापाशी आले, मशीनला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

"यंत्राचा काय दोष," माझ्याकडे न बघता म्हणाले आणि पुढे गेले.

मग त्यांनी कपाट उघडलं. फ्लॉप्यांचा डबा काढला, पितळेच्या परातीत सगळ्या फ्लॉप्या ओळीने मांडल्या. हेच त्यांचं खरं आयुध. प्रत्येक फ्लॉपीला, त्या वरच्या चकचकीत पत्र्यावर, ओलं हळदकुंकू लावलं. मूळ फ्लॉप्या आणि जपून केलेल्या त्यांच्या नकला, दोन्ही एकाच परातीत होत्या. एकीला कुंकू लावायचं आणि दुसरीला नाही, असं त्यांच्याकडून झालं नसतं. बोलावलेल्या भटजींनी फुलाने तीर्थ शिंपडलं. मीही हात जोडून उभी होते आणि माझ्याही डोक्यात काही आलं नाही. आम्ही सगळे कॉम्प्युटरवाले होतो, पण त्या घटकेला सगळे पूजेला जमलेली माणसं होतो. प्रसादाचा केसरीभात, म्हणजे आपला शिरा, खाऊन घरी गेलो.

दसऱ्याच्या मुहूर्तावर कंपनीने नवी मशीनं घेतली होती. सुट्टी संपल्यावर आम्ही आलो तेव्हा ती टेबलांवर मांडून, वायरने जोडून तयार होती. नव्या कामाचे ग्राहक दुपारी बघायला येणार होते आणि त्याआधी त्या मशीनांवर सगळं सामान घातलेलं हवं होतं. अण्णा सकाळपासून बसले होते. पहिली फ्लॉपी घातली तेव्हा आतून खरखर आवाज आला आणि पडद्यावर चूक दाखवली. दुसरी घातली, तिचंही तेच. पत्र्याखाली गेलेलं कुंकू वाळून आत सांडलं होतं आणि तेच आता मशीनच्या तोंडात बसलं होतं. जी फ्लॉपी धड होती तीही आत जाऊन खराब होऊन बाहेर येत होती. अण्णांनी डब्यातली एकही सोडली नाही. नकलांची पाळी आली तेव्हा त्यांच्या कपाळावरचं गंध घामाने ओघळलं होतं.

लोकांच्या मशीनांवर सामान होतं, पण विखुरलेलं आणि ज्याने त्याने आपल्यासारखं करून घेतलेलं. नीट आणि एका जागी ते फक्त माझ्याकडे होतं. हे ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे आपापल्या पडद्यात तोंड घालून बसले होते. शेजारीण माझ्याकडे बघत होती. मीही टाइप करत राहिले. स्वतःहून जाऊन द्यायला माझी ना नव्हती, पण ते काढून टाका म्हणून मला सांगितलं गेलं होतं. ते वाक्य ज्याने उच्चारलं त्यानेच परत घ्यावं, असं मला वाटत होतं.

शेवटी अण्णा आले. माझ्या मागे येऊन उभे राहिले.

"ते आहे का अजून?"

"आहे."

"सगळं?"

"सगळं आहे. काढलेलं नाही."

मग सवयीने त्यांचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर आला. "सरी. स्वल्प उठा अक्का, मी घालतो."

मी उठले नाही. वळलेही नाही.

"नाही अण्णा. तुम्ही त्या नव्या मशीनवर तुमच्या खुर्चीत बसा आणि 'घे' लिहा. तिथूनच होतं. कोणीच कोणासाठी उठायची गरज नाही, म्हणून तर ते लिहिलं."

सगळ्या ऑफिसचं टाइप करणं थांबलं होतं. खालून दातांच्या दवाखान्यातला बारीक आवाज तेवढा येत होता. खुर्चीच्या पाठीवरचा हात तसाच होता आणि मला वाटत होतं, आता हा हात उचलला की माझी नोकरी गेली. माझी बोटं कीबोर्डवर होती. मी ती तिथून हलवली नाहीत.

हात निघाला. अण्णा पहिल्या नव्या मशीनपाशी गेले, खुर्ची ओढून बसले आणि एकेक अक्षर दाबून शब्द लिहिला. ओळी सरकल्या आणि थांबल्या. ते दुसऱ्या मशीनवर गेले, मग तिसऱ्या. ग्राहक येईपर्यंत सगळी मशीनं तयार होती आणि अण्णा पुन्हा गंध लावून त्यांना इकडेतिकडे फिरवत होते. सामान कसं आलं ते त्यांनी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही.

काही दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी कागद घेऊन आले. मला कायम केल्याचा कागद होता. खाली शेऱ्याच्या जागी त्यांनी स्वतःच्या अक्षरात इंग्रजीत लिहिलं होतं: काम उत्तम, स्वभाव उद्धट.

मी शेवटच्या शब्दावर बोट ठेवलं. "हे असंच राहणार?"

"खरं आहे ते, अक्का."

"मग राहू द्या," मी म्हटलं. ते कागदासाठी थांबले होते. मी खुर्चीत बसूनच सही केली.